रिकाम्या क्रेटचं वजन

आमच्या शाळेची घंटा म्हणजे रुळाचा हातभर तुकडा होता. बाबांनी तो कुठून तरी पैदा करून अंगणातल्या कडुलिंबाला तारेने टांगला होता. सकाळी फुलं मंडईत पोचवून ते परत आले, की हातोडीने त्याच्यावर तीन टोले द्यायचे. शाळेत विद्यार्थी दोनच, मी आणि माझ्याहून दोन वर्षांनी लहान माधुरी. मास्तर बाबा, हेडमास्तर बाबा आणि शिपाईही बाबाच. अमरावतीची वस्ती जिथे संपते आणि काळं रान सुरू होतं, तिथे आमचा फुलांचा मळा होता, अजूनही आहे. रस्त्याने निळ्या फ्रॉकमधल्या पोरी लाल रिबिनी हलवत शाळेत जायच्या आणि आम्ही दोघी कुंपणाच्या आतून त्यांना बघायचो. मी सातवीत असताना ज्युडोच्या स्पर्धेसाठी पाच दिवस नागपूरला गेले होते. परत आल्यावर मुख्याध्यापकांनी प्रार्थनेच्या वेळी मला सगळ्यांसमोर उभं केलं आणि विचारलं, तू इथे शिकायला येतेस की मारामाऱ्या करायला? बाबांना कळलं तेव्हा ते मंडईतून तसेच शाळेत आले, शर्टाला झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या. "माह्या पोरी उभ्या ठेवाले म्या पाठोल्या नाई. आजपासून यांची शाळा माह्या घरी," एवढंच बोलले आणि आम्हा दोघींना सायकलवर घालून घेऊन आले. माधूचा यात काहीच संबंध नव्हता. ती बिचारी पाचवीच्या वर्गात पाढे म्हणत बसली होती.

लोक बाबांना चक्रम म्हणायचे आणि त्याचा मला आजही राग येतो. चक्रम माणूस इतकं नीट शिकवू शकत नाही. ते बीएस्सी झाले होते आणि तरुणपणी ज्युडो खेळायचे. मग गुडघा गेला. "गुडघा गेला नसता तं..." हे वाक्य ते दिवसातून एकदा तरी सुरू करायचे आणि कधीच पूर्ण करायचे नाहीत. मळ्याच्या टोकाला टिनाचा एक शेड होता, तोच आमचा वर्ग आणि तोच आखाडा. दाराला काळा रंग फासून त्याचा फळा केलेला. जमिनीवर पोत्यांची गादी. अकोटच्या जिनिंगमधून टाकाऊ कापूस आणून तो बाबांनी पोत्यांत ठासून भरला होता आणि वरून ताडपत्री ताणून शिवली होती. मी सातवीत जायच्या कितीतरी आधी, ज्युडोच्या पहिल्या वर्षी, त्यांनी आम्हाला फक्त पडायला शिकवलं. पाठीवर पडायचं, कुशीवर पडायचं, आणि पडताना तळहात असा आपटायचा की धक्का हातातून निघून जावा. फट्, फट्, असा तो आवाज रस्त्यापर्यंत ऐकू जायचा. दुसरा धडा थापटण्याचा. कुणी मानेला किंवा हाताला पेच घातला आणि सोसेना झालं, की तळहाताने दोनदा थापटायचं. समोरच्याने तत्क्षणी सोडलंच पाहिजे. बाबा म्हणायचे, थापटण्यात लाज नाही, पण थापटलेलं ज्याला ऐकू येत नाही तो खेळाडू नव्हे. बेचव वाटावं इतक्या वेळा ते हे सांगायचे.

आईला यातलं काही पटायचं नाही, पण तिचं बोलणं चुलीपाशी सुरू व्हायचं आणि चुलीपाशीच संपायचं. घरात सकाळपासून आवाजच आवाज असायचे. पाण्याच्या मोटरीचा घुरघुराट, म्हशीची साखळी, आईच्या हातावरची भाकर थापण्याची टपटप, आणि मधूनच बाबांचं "कमरेतून फिर, कमरेतून!" संध्याकाळी हार करायला बसलो की माझ्या बोटांना झेंडूचा कडू वास यायचा आणि त्याच बोटांनी मी तुरीचं वरण आणि भाकर खायची. आईच्या हातची सांभारवडी, म्हणजे कोथिंबीर भरलेली वडी, तशी मी अजून कुठे खाल्लेली नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण त्या वर्षी आमच्या घरात खाण्याला जो अर्थ आला तो पुन्हा कुठल्याही घरात येऊ नये असं मला वाटतं.

आता काट्याबद्दल सांगायला हवं. पडवीत एक जुना, जमिनीवर ठेवायचा, दांडीचा काटा होता. तो आता मागच्या बाजूला पडलेला असतो आणि त्याच्यावर आमची कोंबडी बसते. त्याच्या दांडीच्या टोकाला एक पितळी स्क्रू आहे. पहाटे तोडलेली फुलं क्रेटमध्ये भरून तोलायची, तेव्हा बाबा आधी रिकामा क्रेट काट्यावर ठेवायचे आणि दांडी सरळ होईपर्यंत तो स्क्रू फिरवायचे. म्हणजे क्रेटचं दीड किलो आपोआप वजा झालं. मग भरलेला क्रेट ठेवला की निव्वळ फुलांचं वजन मिळायचं, हिशेब नको की वजाबाकी नको. सगळे क्रेट तोलून झाले की स्क्रू उलटे बारा आटे फिरवून पुन्हा जागेवर आणायचा. ते काम माझ्याकडे होतं. त्यानंतर आम्ही दोघी उपाशीपोटी त्याच काट्यावर उभ्या राहायचो. बाबा वजन वाचायचे आणि वहीत लिहायचे. आई एकदा म्हणाली, "पोरगी हाय का फुलाची टोपली? रोज काय तोलून राहिले तिले!" बाबा वहीतून मान वर न करता म्हणाले, "तू मधात बोलू नको."

ती म्हणजे माधू. माझ्या वजनाची कुणाला चिंता नव्हती. माझ्या गटात मी नेहमी दोन-तीन किलोने आतच असायची. पण शाळेचं नाव नसल्यामुळे शालेय स्पर्धा आम्हाला बंद होत्या आणि बाबांपुढे एकच वाट उरली होती. संघटनेच्या स्पर्धेत पहिलं यायचं, निवड व्हायची आणि सरकारी क्रीडा वसतिगृहात जागा मिळवायची. तिथे राहणं, शिकणं, खेळणं सगळं एकत्र. माझं वय त्यासाठी उलटलं होतं. माधूचं ते शेवटचं वर्ष होतं. अकोल्याच्या स्पर्धेत चाळीस किलोच्या आतल्या गटात ती नक्की पहिली आली असती, मी तिच्याशी रोज खेळत होते म्हणून खात्रीने सांगते. तिच्या वरच्या गटात मात्र एक अशी पोरगी होती, की जी येईल तिला पाठीवर आपटत होती. म्हणून माधूने चाळीसच्या आत राहायचं. पण तेराव्या वर्षी पोर वाढते, हे बीएस्सीला बाबांना कुणी शिकवलं नव्हतं. तिची हाडं लांब होत होती आणि बाबा तिची भाकर अर्धी करत होते. अर्धीची चतकोर झाली. रात्रीचं वरणाचं नुसतं पाणी झालं. आणि माधू कधी तक्रार करायची नाही, कारण तिलाही वसतिगृहात जायचं होतं. तिथे मैत्रिणी असतात, असं तिने कुठे तरी ऐकलं होतं. कुंपणाच्या आतून रिबिनी बघून बघून तिला तेवढंच हवं होतं.

एका दुपारी मी म्हशीला पाणी दाखवायला गोठ्यात गेले. म्हशीसाठी सरकीची ढेप भिजत घातली होती. माधू टोपल्यापाशी उकिडवी बसून ती ढेप खात होती. मला बघून तिने हात मागे लपवला. हनुवटीला पिवळं लागलं होतं. मी म्हशीला पाणी दाखवून निघून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी क्रेट तोलून झाल्यावर मी स्क्रू बारा आटे फिरवायच्या ऐवजी अकरा फिरवला. त्यानंतर दोन दिवसांनी दहा. आम्ही दोघी तोलून झालो की उरलेले आटे मी गुपचूप पूर्ण करायची, म्हणजे दुसऱ्या पहाटे क्रेट ठेवल्यावर बाबांना स्क्रू नेहमीइतकाच फिरवावा लागायचा. रिकाम्या काट्याकडे कोणी बघत नाही, आणि उभं राहिलेल्या माणसाचं वजन थोडं थोडं उतरत असेल तर संशय येत नाही, आनंद होतो. बाबांना आनंद झाला. "पाय, डाएट लागू पडून राह्यलं," असं ते आईला म्हणाले, आणि हळूहळू माधूची भाकर चतकोराची अर्धी झाली, अर्धीची अख्खी झाली. तिसऱ्या आठवड्यात आमच्या वजनाआधी मी स्क्रूला हातच लावत नव्हते. काट्यावर माधू चाळीसच्या जरा आत आणि ताटात भाकर, दही, शेंगदाण्याची चटणी. तिच्या गालावर रंग आला. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटत होतं, की मी पेचसुद्धा जोरात मारत होते.

मी मूर्ख नव्हते. स्पर्धेच्या आधी काटा जागेवर आणावा लागणार हे मला कळत होतं. आठवडा राहिला तेव्हा मी तीन आटे परत फिरवले. बाबांनी वजन वाचलं, पुन्हा वाचलं आणि माधूचं ताट उचलून आईकडे दिलं. दुपारी माधू शेडच्या मागे जाऊन रडली. मी ते तीन आटे पुन्हा सोडून दिले. माझा हिशेब असा होता, की जायच्या दिवशी ती काही खाणार नाही, गाडीत घाम येईल, आणि जे काही थोडंफार जास्त आहे ते अकोल्यापर्यंत उतरून जाईल. पंधरा वर्षांची होते मी. दीड किलो म्हणजे किती, हे फुलांच्या घरात वाढूनही मला कळलं नव्हतं.

बडनेऱ्याहून सकाळच्या पॅसेंजरने आम्ही तिघं निघालो. मे महिना होता. मूर्तिजापूर येईपर्यंत डब्याच्या खिडकीच्या तापलेल्या गजाला हात लावेनासा झाला. समोर बसलेल्या बाईने माधूला गिलावडा पुढे केला. "घे न माय, लेकरू कसं सुकलं!" माधूने मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत बसली. अकोल्यात वजन दुपारी तीनपर्यंत होतं. हॉलच्या दारात आधी तपासून बघण्यासाठी एक वेगळा काटा ठेवला होता, त्याच्यावर माधू उभी राहिली. एकेचाळीस किलो तीनशे ग्रॅम. बाबांनी तिला उतरायला लावलं, पुन्हा चढवलं. तेवढंच. "सकाळी घरी चाळीसच्या आत होती," ते वजन घेणाऱ्या बाईंना म्हणाले. त्या बाई थकलेल्या होत्या. "घरचा काटा घरी, भाऊ. इथं इथला. चव्वेचाळीसमधी घाला न तिले, लेकरू हाय," त्या म्हणाल्या. बाबांनी घड्याळ बघितलं. दोन वाजायला पाच मिनिटं कमी होती. "घंटाभर हाय अजून. सव्वा किलोच तं हाय, उतरवतो," ते म्हणाले.

त्या क्षणी मी बोलू शकत होते. बाबा, काटा मीच बिघडवला, तिला चव्वेचाळीसमध्ये खेळू द्या. इतकं सोपं वाक्य. ते माझ्या तोंडात तयार होतं. पण बाबांचा चेहरा बघून मी घाबरले, आणि मार खायला नाही घाबरले, ते मला कधीच मारत नसत. त्यांच्या वहीतल्या तीन आठवड्यांच्या आकड्यांना मी खोटं पाडणार होते, त्याला घाबरले. बाबांनी माधूला, वेळ आलीच तर म्हणून पिशवीत आणलेले दोन स्वेटर चढवले, त्यावर क्रेटवर टाकायचा प्लास्टिकचा कागद गुंडाळला आणि म्हणाले, "पय आता. थांबू नको." मैदानात झाड नव्हतं. मी तिच्याबरोबर पळायला लागले. आठव्या की नवव्या फेरीला तिचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "ताई, बाबाले सांगू नको वं." मला वाटलं मी ऐकण्यात चुकले. "काय?" मी विचारलं. "स्क्रूचं," ती म्हणाली. तिला माहीत होतं. रोज भाकर खाताना तिला माहीत होतं. मी पळत राहिले.

तीनला दहा कमी असताना ती काट्यावर दोनशे ग्रॅमने जास्त भरली. बाबांनी कुणाकडून तरी कात्री आणली आणि तिची वेणी मानेपासून कापली. मग एक फेरी आणखी. मग चाळीस किलो बरोबर. बाईंनी तिच्या हातावर पेनाने खूण केली आणि "पास" म्हणाल्या. बाबांनी तिला जवळ घेतलं आणि त्यांचे डोळे भरून आले. मला तिचा हात धरायला सांगितलं तेव्हा मला एक गोष्ट जाणवली आणि ती मी विसरू शकत नाही. तिचा हात तापलेला होता आणि कोरडा होता. घाम थांबला होता. मी लिंबूपाणी दिलं, ते तिने ओकून टाकलं आणि मला "आई" म्हणाली. "थकली हाय, पडू दे पंख्याखाली," बाबा म्हणाले. अर्धा तास आम्ही तिला पंख्याखाली पडू दिलं. आज मला कोणी विचारलं की तुझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब काळ कोणता, तर मी हाच अर्धा तास सांगेन. मग तिच्या हातापायांना झटके यायला लागले. रिक्षात ती माझ्या मांडीवर होती आणि तिचे दात एकमेकांवर आपटत होते.

अकरा दिवस आम्ही अकोल्याच्या दवाखान्यात काढले. आई आली ती एका पिशवीत वेणी घालून परत गेली. ती पिशवी तिने शेवटपर्यंत कुणाला उघडू दिली नाही. डॉक्टर म्हणाले, उष्णता मेंदूला लागली, तोल सांभाळणारा भाग गेला. पोरगी वाचेल, चालेल, बोलेल, पण पहिल्यासारखं नाही. खरंच तसंच झालं. माधू आज माझ्या शेजारी बसून झेंडू निवडते आहे. हार ओवता येत नाही, सुई बोटांत थांबत नाही. चालताना तिला माझा खांदा लागतो. मी लग्न केलं नाही आणि लोक त्याला त्याग म्हणतात. मी त्यांना म्हणू देते.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी बाबा पडवीत रिकामा क्रेट घेऊन काट्यासमोर बसलेले दिसले. क्रेट ठेवत होते, काढत होते. स्क्रू न फिरवताच दांडी सरळ होत होती; जायच्या सकाळी घाईत उरलेले आटे पूर्ण करायचे माझ्याकडून राहिले होते. मग त्यांनी मला हाक मारली. "स्क्रू तू फिरवत होती न वं?" मी हो म्हणाले. "कधी राह्यला का फिरवाचा?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. मी म्हणाले, "नाई, बाबा." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा माझ्यावर पूर्ण विश्वास बसला. "मंग माह्याच हातानं झालं. तुह्यामागून कधी तरी म्याच एखादा क्रेट तोलला असन न स्क्रू तसाच राह्यला असन," ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी त्या काट्यावर काही तोललं नाही. रुळाचा तुकडा झाडावरून काढला. मला शाळेत घातलं, त्याच मुख्याध्यापकांसमोर हात जोडून उभे राहिले. आणि जो माणूस माधूला बघायला घरी येईल त्याला ते काट्यापासून सगळं सांगायचे. लपवायचे नाहीत. "क्रेटचं वजन काढाचं माह्याकून राह्यलं," असं म्हणायचे. बाबा गेले त्याला काही वर्षं झाली. गेले तेव्हाही ते हेच समजून गेले.

त्यांना खरं कळायची एक वेळ आली होती. पावसाळा संपत आला होता, माधू अंगणात खाटेवर निजलेली असायची. तिला थोडं बोलता यायला लागलं होतं, पण ते बोलणं इतकं ओढलेलं आणि तुटक होतं, की दिवसभर जवळ असल्यामुळे फक्त मला कळायचं. घरात सगळे मलाच विचारायचे, ती काय म्हणते. त्या दिवशी धामणगावहून पाहुणे आले होते आणि बाबा त्यांना नेहमीसारखं सांगत होते. क्रेट, स्क्रू, "माह्याकून राह्यलं". माधूने तळहात खाटेच्या पाटीवर आपटला. दोनदा. मग पुन्हा दोनदा. बाबा बोलायचे थांबले. थापटलेलं त्यांना नेहमीच ऐकू यायचं. ते उठून तिच्यापाशी आले आणि वाकले. माधू तोंड वेडंवाकडं करून, एकेक शब्द ढकलत म्हणाली, "म्या... सांगतलं... ताईले. स्क्रू... म्या."

हे खोटं होतं. तिने मला कधीच काही सांगितलं नव्हतं. मला वाचवायचं आणि बाबांनाही मोकळं करायचं, असं दोन्ही तिने त्या मोडक्या तोंडाने एकदम करायचं ठरवलं होतं, आणि त्यासाठी सगळं स्वतःच्या अंगावर घेत होती. बाबांनी माझ्याकडे बघितलं. "काय म्हनते वं ते?"

मी म्हणाले, "पानी मांगते."

बाबा स्वतः आत गेले, माठातून लोटाभर पाणी घेऊन आले. तिच्या मानेखाली हात घालून त्यांनी तिला थोडं उचललं. तिला तहान नव्हती. तरी ती ते सगळं पाणी प्यायली, निम्मं गळ्यावरून सांडत, माझ्यावरची नजर न काढता. मग बाबांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने तिचं तोंड पुसलं, पाहुण्यांसमोर परत येऊन बसले, आणि जिथे थांबले होते तिथून पुढे सांगायला लागले.